कराची स्टेशनवरचं नाव

लढाई थांबली त्या दिवशी रावसाहेबांनी सोलापूरच्या गिरणीमागच्या गल्लीत घरोघर पेढे वाटले. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं रेशनचं दुकान होतं, आणि लढाई लागल्यापासून नागरी संरक्षण समितीचे ते प्रमुखही झाले होते. दुकानाच्या पायरीवर त्यांनी कोंडीबा बनसोड्याला उभं केलं, गळ्यात हार घातला आणि जमलेल्यांना म्हणाले, "या माणसाचा पोरगा तिकडं सरहद्दीवर जागा होता, म्हणून आपण इथं सुखानं झोपलो." कोंडीबा गिरणीच्या रंगखात्यात कामाला. त्याच्या हाताचा निळा रंग सुटीच्या दिवशीसुद्धा पुरता जात नसे. ते निळे हात जोडून तो अवघडल्यासारखा उभा राहिला. त्याची बायको सोजरबाई दारातून बघत होती. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते.

आठवडा उलटला नाही तोच तार आली. कोंडीबाचा पोरगा जोतीराम बेपत्ता होता.

मेला असं कुणी म्हणत नव्हतं, जिवंत आहे असंही म्हणत नव्हतं. सोजरबाईला धड रडताही येईना. भेटायला येणाऱ्या बाया काय बोलावं ते न सुचून तेंदूच्या पानांच्या ढिगाशेजारी गप्प बसून राहायच्या. सोजरबाई घरी विड्या वळायची. बोटांना सवय होती, ती चालायची. मन कुठंतरी सरहद्दीवर भटकत असायचं. कोंडीबा भोंगा झाला की कामावर जायचा, सुटला की यायचा, ताटात पडेल ते संपवायचा. तार आल्यापासून त्यानं पोराचं नाव घरात काढलं नव्हतं.

विड्या जमा करायला ती कारखान्यात गेली तेव्हा तिथंच विड्या द्यायला आलेल्या बजाबाईनं तिला बाजूला ओढलं. बजाबाईचा भाऊ लष्करात ड्रायव्हर होता. तिकडच्या बातम्या तिला लवकर कळायच्या.

"सोजरे, पाकिस्तानच्या रेडिओवर नावं वाचत्यात म्हनं. त्येंनी धरलेल्या आपल्या पोरांची. कराची स्टेशनवर, दिवेलागणीनंतर. साताऱ्याकडं एका बाईला तसंच कळलं, पोरगा जित्ता हाय म्हनून."

"खरं सांगतीस?"

"भावानं सांगितलं. पन कुटं बोलू नगंस बाई."

हे तिला सांगायची गरज नव्हती. लढाईच्या पहिल्याच आठवड्यात रावसाहेब आणि चौकीचे हवालदार गल्लीतून फिरले होते. ज्याच्या घरी रेडिओ त्याचं लायसन तपासलं होतं आणि बजावून गेले होते, आकाशवाणीच लावायची. शत्रूचं स्टेशन कुणी लावलं, त्यावरचं चारचौघांत कुणी बोललं, तर सेट जप्त आणि माणूस कोठडीत. पुढच्या चौकातल्या हॉटेलवाल्याला तसं नेलंही होतं. परत आल्यापासून तो गिऱ्हाइकाशीसुद्धा मोजकंच बोलायचा.

गल्लीत रेडिओ होते तरी कुणाकडं! एक रावसाहेबांकडं. दुसरा सोजरबाईच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या मौलाली नदाफाकडं.

मौलाली गाद्या-रजया भरायचा. कापूस पिंजायची लांब कमान खांद्यावर टाकून पेठापेठांतून फिरायचा. त्याला आणि त्याच्या बायकोला, हुसेनबीला, मूलबाळ नव्हतं, बॅटरीवरचा छोटा रेडिओ हीच काय ती घरातली हौस. सकाळी हुसेनबी गाणी लावायची आणि भिंतीअलीकडं सोजरबाईच्या विड्या भराभर वळल्या जायच्या. पण तपासणीच्या दिवशी हवालदारानं मौलालीचं लायसन उलटसुलट करून पाहिलं होतं, आणि रावसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते, "मौलाली, काटा आकाशवाणीवरून हलता कामा नये बरं." रावसाहेबांचं लायसन मात्र कुणी मागितलं नव्हतं. तेव्हापासून मौलालीचा रेडिओ मुका झाला. गाणीसुद्धा बंद.

दुपारी गल्ली सामसूम झाल्यावर सोजरबाई त्याच्या घरी गेली.

"मौलालीभाऊ, तुमाला उर्दू कळतंय न्हवं?"

मौलाली दाभणात दोरा ओवत होता. "कळतं की. शाळा उर्दूतच झाली, झाली तेवढी. का वैनी?"

तिनं सांगितलं. सांगता सांगता आवाज इतका खाली गेला की हुसेनबीला पुढं वाकावं लागलं.

मौलालीनं उठून दार लोटलं. मग पुन्हा उघडलं. भरदुपारी लोटलेलं दार बाहेरून कसं दिसेल, हे त्याच्या ध्यानात आलं असावं.

"वैनी, तुमच्या घरात ते स्टेशन लागलं तर लोक म्हणतील आईचं काळीज हाय. माझ्या घरात लागलं तर काय म्हणतील?"

सोजरबाई उठायला लागली.

"जोती ह्याच गाद्यांवर उड्या मारून मोठा झाला," मौलाली म्हणाला. "पन नक्को वैनी. येवढं मला सांगू नका."

ती परत आली ती स्वतःवरच चिडून. आपण कुणाकडं काय मागितलं हे तिला आता कळत होतं. तरी रात्री कोंडीबाला जेवायला वाढताना तिच्यानं राहवलं नाही.

"त्येंचा रेडिओ आपल्या घरी आणला तर?"

"त्येचं लायसन त्येच्या घरचं. दुसऱ्याच्या घरी वाजला की तिथनंच लफडं," कोंडीबा म्हणाला. "आन सरकारनं नगं म्हनलंय ते नगं. माजा पोरगा सरकारचा शिपाई हाय. त्येच्या बापानं दुश्मनाचं स्टेशन लावायचं व्हय?"

"त्यात त्येचं नाव आसंल तर?"

"आन नसंल तर?" कोंडीबा केवढ्यानं तरी ओरडला. मग ताटाकडं बघत हळू म्हणाला, "समदी नावं वाचून झाली आन आपलं आलंच न्हाय, तर काय करशील?"

त्यानं ताट सरकवलं. सोजरबाईला पहिल्यांदा कळलं की हा माणूस तारेतल्या 'बेपत्ता' या एका शब्दाला धरून उभा आहे, आणि तो शब्द हलवायचं धाडस त्याच्यात नाही.

दुसऱ्या दिवशी हुसेनबी दारात आली. पाणी मागितलं, प्यायली नाही.

"जुनी लुगडी असतील तर घेऊन या. रजई भरून देते. दिवे लागल्यावर या."

सोजरबाई तिच्याकडं बघत राहिली. "आन भाऊ?"

"त्यांनीच सांगितलं," हुसेनबी म्हणाली. "सारी रात बसून होते. मी म्हटलं, झोपा. तर म्हणाले, ती बाई भिंतीपल्याड जागी हाय, मी कसा झोपू?"

मग रोज संध्याकाळी ते सुरू झालं. कोंडीबाची पाळी उशिरा सुटायची, त्याला काही सांगितलं नव्हतं. दार सताड उघडं ठेवायचं, म्हणजे शंकेला जागा नको. आतल्या अंधाऱ्या खोलीत हुसेनबीनं कमान धरायची आणि लाकडी मोगरीनं ताडताड कापूस पिंजायचा. टणंग, टणंग. त्या आवाजाखाली दुसरा कुठलाही आवाज बुडून जायचा. कोपऱ्यात मौलाली रेडिओ पोटाशी धरून गादीच्या रिकाम्या खोळीत अर्धा शिरायचा, कानाला सेट लावायचा. सोजरबाईनं रजई शिवत उंबऱ्याशी बसायचं, कुणी येताना दिसलं की खोकायचं.

तिला मौलालीची नुसती पाठ दिसायची. त्या पाठीवरून ती सगळं ओळखू लागली. खरखर वाढली की पाठ वाकायची. नावं लागली की दगडासारखी व्हायची. संपली की ढिली पडायची, आणि खोळीतून घामेजलेलं, कापूस चिकटलेलं डोकं बाहेर यायचं. "आज नाही, वैनी." पंजाबातली पोरं होती, राजस्थानातली होती, कुणी डोंगराकडची. मौलालीच्या ती नावं लक्षात राहायची आणि तो दिवसभर अस्वस्थ असायचा. त्यांच्या आयांना हे कुणी सांगायचं, हा त्याला प्रश्न पडायचा.

रजई काही संपेना. शिवलेलं सोजरबाई दुपारी उसवून ठेवायची.

एकदा रेशनला गेली तेव्हा रावसाहेब साखर तोलता तोलता म्हणाले, "सोजरबाई, रजई अजून झाली नाही?"

"थंडी लई हाय की अवंदा. जाड भरून घेतीय."

"मौलाली रोजचं काम सोडून तुमच्याच रजईला लागलाय म्हणा की." ते हसले नाहीत. साखरेची पुडी हातात देताना म्हणाले, "तुमचं घर दुःखात आहे, मला कळतं. पण दुःखातल्या माणसाला कुणी कशालाही वापरून घेतं. जपून राहा."

ते वाईट मनानं बोलत नव्हते, हेच सोजरबाईला जास्त भिववून गेलं. घरी येताना तिनं ठरवलं, आज मौलालीभाऊंना सांगायचं, पुरे झालं. पण दिवे लागले आणि पाय आपोआप तिकडं वळले. आजचा एक दिवस, असं तिनं मनाशी म्हटलं.

त्या संध्याकाळी हुसेनबीच्या कमानीनं चांगला ताल धरला होता. कापसाचे तंतू कंदिलाच्या उजेडात तरंगत होते. सोजरबाईचं लक्ष गल्लीकडं होतं. नळावर दोन बाया होत्या, बाकी कुणी नव्हतं. तिनं आत पाहिलं. मौलालीची पाठ ताठ झाली होती. मग खोळीतून त्याचा हात बाहेर आला आणि हवेत तसाच राहिला.

हुसेनबीची मोगरी थांबली.

खोलीत एकाएकी शांतता पसरली. मौलालीनं खोळ बाजूला फेकली, आवाज वाढवला, आणि त्या खरखरीतून एका परक्या माणसाचा संथ आवाज स्पष्ट ऐकू आला. "...सिपाही जोती राम. वल्द गोंडी बा. जिला शोलापूर. खैरियत से हैं, और अपने वालिदैन को सलाम कहते हैं..."

"वल्द म्हंजे?" सोजरबाईनं विचारलं. तिला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही.

"बापाचं नाव, वैनी. कोंडीबाचा पोरगा. खुशाल हाय. आईबापाला सलाम सांगितलाय!" मौलाली रडत होता.

सोजरबाईच्या तोंडून काहीतरी बाहेर पडलं. हुंदका होता की हाक, कुणास ठाऊक. पण ते नळापर्यंत गेलं असणार. रेडिओ बंद करायचं तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. पुढची नावं चालूच होती. आणि दारात रावसाहेब उभे होते. त्यांच्या मागं हवालदार.

"ऐकलंत?" रावसाहेब हवालदाराला म्हणाले. "मी सांगत नव्हतो?"

हवालदारानं जोड्यासकट आत येऊन रेडिओ उचलला. तेव्हा कुठं मौलालीनं बटण फिरवलं. हवालदारानं त्याच्या एक कानफटात दिली. हुसेनबी किंचाळली.

"चल. लायसन घे बरोबर."

नळावरच्या बाया धावत आल्या होत्या. दारं उघडली, गल्लीत माणसं गोळा झाली. रावसाहेब सोजरबाईकडं वळले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही घरी जा. तुम्हाला यातलं काही कळत नाही, हे आम्हाला माहीत आहे. रजईच्या निमित्तानं तुम्हाला बसवून यानं हा उद्योग चालवला. तुमच्यावर काही येणार नाही."

घर चार पावलांवर होतं. सोजरबाईला खरोखरच तिकडं पळायचं होतं. दार लावून घ्यावं, ती बातमी छातीशी धरून एकटीनं पोटभर रडावं, कोंडीबा आला की त्याच्या गळ्यात पडावं. मौलाली खाली बघत होता. तो तिचं नाव घेणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. त्याला नेलं असतं, मारलं असतं, तरी तो म्हणाला असता, रेडिओ मीच लावला.

"म्या लावायला लावला," ती म्हणाली.

"सोजरबाई, आवाज करू नका."

"आवाज करनार!" ती ओरडली, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं. "त्येंनी नगं म्हनलं हुतं. म्या पाया पडले त्येंच्या. माजा पोरगा कुटं हाय ते कुनी सांगंना, म्हनून म्या लावायला लावला. जित्ता हाय माजा पोरगा! न्यायचं तर मला न्या."

जमलेली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. रावसाहेबांचा चेहरा उतरला, पण आता मागं फिरणं त्यांनाही जड होतं. हवालदार मौलालीला पुढं घालून निघाला. सोजरबाई मागोमाग निघाली. जाता जाता हुसेनबीला म्हणाली, "ह्ये आले की चौकीवर धाडा."

चौकीत फौजदार चहा पीत होते. त्यांनी हवालदाराचं ऐकलं, रावसाहेबांचं ऐकलं, टेबलावरच्या रेडिओकडं बघितलं.

"लढाई थांबली, हुकूम थांबलेला नाही, हे कळत नव्हतं का?" त्यांनी मौलालीला विचारलं.

"कळत होतं साहेब."

"मग?"

सोजरबाई पुढं झाली, पण फौजदारांनी हातानं थांबवलं.

"हुकूम चारचौघांत ऐकवण्याबद्दल आहे," ते जणू स्वतःशीच म्हणाले. "स्वतःच्या घरात माणूस एकटा काय ऐकतो..."

"एकटा कुठं साहेब?" रावसाहेब म्हणाले. "बाईचं घर वेगळं. परक्या माणसाला बोलावून ऐकवलं, म्हणजे प्रसारच झाला की."

फौजदारांनी पेला खाली ठेवला. त्यांना हे प्रकरण वाढवायचं नव्हतं, पण समितीच्या प्रमुखानं नेमकं बोट ठेवून दाखवलेली गोष्ट सोडताही येत नव्हती. त्यांनी मौलालीला बाकावरून उठून कोठडीच्या गजांजवळ उभं राहायला सांगितलं.

तेवढ्यात कोंडीबा आला. गिरणीतून घरी येताच हुसेनबीचा निरोप ऐकून तसाच धावत आलेला, सदरा घामानं भिजलेला, हात निळे. त्यानं बायकोला पाहिलं, मौलालीच्या सुजलेल्या गालाकडं पाहिलं, टेबलावरचा रेडिओ पाहिला. साऱ्या गोष्टी त्याला एका क्षणात कळल्या. सोजरबाईला वाटलं, आता हा माणूस सगळ्यांसमोर आपल्याला घालून पाडून बोलणार.

तो सरळ गजांजवळ गेला. "मौला," त्यानं विचारलं, "काय म्हनलं त्येंनी?"

"सिपाही जोतीराम. जिल्हा शोलापूर."

"बापाचं नाव?"

"गोंडीबा म्हनाला. कोंडीबाला गोंडीबा म्हनाला. खुशाल हाय, आईबापाला सलाम म्हनाला."

कोंडीबा भिंतीला टेकून खाली बसला. तारेनंतर ज्याच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं तो माणूस फौजदारासमोर तोंडात हात कोंबून रडू लागला. रावसाहेब खिडकीकडं बघत राहिले.

जरा वेळानं कोंडीबा उठला, निळ्या हातांनी तोंड पुसलं आणि टेबलासमोर ताठ उभा राहिला.

"साहेब, ह्या दोगांचा काय बी दोष न्हाय. मीच लावायला सांगितलं हुतं. रेडिओ मौलाचा, पन सांगणारा मी. माज्या नावावर घाला."

सोजरबाई चमकून बघत राहिली. आयुष्यात सरकारी माणसासमोर खोटं बोलल्याचं तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"रावसाहेब," फौजदार म्हणाले, "तुम्ही याच माणसाला हार घातला होता ना?"

टोपी सारखी करत रावसाहेब बाहेर पडले.

फौजदारांनी मौलालीला सोडलं. पण पुरतं नाही. सेट आणि लायसन चौकीत ठेवून घेतलं, आणि रोज संध्याकाळी हजेरी द्यायला सांगितलं. "वरून विचारलं तर मला काहीतरी दाखवावं लागेल," एवढंच ते म्हणाले.

सरकारी पत्र त्यानंतर बऱ्याच आठवड्यांनी आलं. जोतीराम शत्रूच्या ताब्यात, जिवंत. गल्लीनं पुन्हा कोंडीबाला शाबासकी दिली. पण मौलालीला गाद्या भरायला बोलावणं कमी होत गेलं. तोंडावर कुणी काही म्हणायचं नाही. नुसतं 'यंदा नको' म्हणायचे. पेठेतल्या जुन्या गिऱ्हाइकांपर्यंत चौकीची गोष्ट पोचली होती, पण त्यातली सोजरबाई आणि कोंडीबा वाटेतच कुठंतरी गळाले होते. उरला होता फक्त पाकिस्तान ऐकणारा मौलाली. सोजरबाई घरोघर जाऊन सांगायची, भांडायची. लोक ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे. उन्हाळा लागायच्या आत मौलाली आणि हुसेनबी बिऱ्हाड हलवून अक्कलकोटला हुसेनबीच्या भावाकडं निघून गेले. टांग्यात बसताना हुसेनबी सोजरबाईला म्हणाली, "तुमच्यावर राग नाही हो." सोजरबाईला ते रागापेक्षा जड गेलं.

पुढच्या थंडीत कैद्यांची अदलाबदल झाली आणि जोतीराम घरी आला. वाळून काटकी झाला होता, एक पाय ओढत चालायचा. आईनं त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो दुखरा पाय चोळत बसला होता. मग म्हणाला, "ती नावं एक कारकून लिवून घ्यायचा. वाचत्यात का फेकून देत्यात, आमाला काय ठावं! सलाम सांगा म्हनलं हुतं, खरं." दुसऱ्या दिवशी सकाळीच तो म्हणाला, "आये, अक्कलकोटला जाऊ."

एस.टी.तून उतरून दोघं विचारत विचारत त्या घरी पोचली. मौलाली ओट्यावर कापूस निवडत होता. जोतीरामला बघून तो उठला, पण पुढं आला नाही. आधी रस्त्याकडं नजर टाकली, कोण बघतंय का ते. ती सवय त्याला सोलापूरनं लावली होती. मग घाईनं म्हणाला, "आत या, आत या."

आत गेल्यावर जोतीराम त्याच्या पाया पडायला वाकला. दुखरा पाय वाकेना, तेव्हा मौलालीनं त्याला दोन्ही दंडांना धरून वर उचललं आणि गादीवर बसवलं. हुसेनबी ज्वारीची भाकरी आणि वाटीत कालवण घेऊन आली. ते समोर ठेवल्यावर ती जोतीरामच्या पाठीवरून हात काढेना.

लढाईचं कुणी काही विचारलं नाही. मौलाली बराच वेळ पोराचा चेहरा निरखत बसला होता. शेवटी त्यानं विचारलं, "तिकडं थंडी लई असंल, न्हाई? पांघरायला काय होतं रे?"

"घोंगडं," जोतीराम म्हणाला. "एकात दोघं झोपायचो."

मौलालीनं मान हलवली. "घोंगड्यानं भागत नाही," तो म्हणाला आणि कापसाचा ढीग जवळ ओढून घेतला.